उतरवलेला बेस

मास्तरबद्दल लिहिताना मी त्याला अरेतुरे करणार आहे. तोंडावर कधी केलं नाही. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, सोलापुरातले सगळे वाजवणारे त्याला मास्तर म्हणतात, आणि चारचौघांत मीही 'मास्तर, तुम्ही' असंच म्हणत आले. पण कागदावर ते जमत नाही. जो आदर मनात नाही तो क्रियापदात कशाला आणायचा?

आम्ही दोघंही स्टील गिटार वाजवतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात बोटभर लांबीची गुळगुळीत पोलादी कांडी असते, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. जुन्या सिनेमांच्या गाण्यांत मधेच एखादा सूर रडल्यासारखा वळत जातो, तो पुष्कळदा हिचा असतो. इतर गिटारींसारखे तिला बोट अडवणारे पडदे नसतात, नुसत्या रेघा असतात. कांडी केसभर इकडेतिकडे झाली की सूर गेला. म्हणून स्टीलवाला कान नेईल तिकडे हात नेतो.

आणि आम्ही दोघंही बेस गिटार वाजवतो. हा योगायोग नाही. ऑर्केस्ट्र्यात स्टीलची गाणी तीन, फार तर चार. बेस मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लागतो. त्यामुळे स्टीलवाल्याला पहिला प्रश्न हाच असतो की बेस येतो का. येत असेल तर तो टिकतो.

मी स्टील शिकले रेल्वे लाइन्समधल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थांकडे. वडिलांनी परवानगी दिली, कारण मुलगी बसून वाजवते, तोंड उघडत नाही, कुणाकडे बघत नाही. सात वर्षं शिकले. बाविसाव्या वर्षी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले आणि त्याच उन्हाळ्यात मास्तरच्या ऑर्केस्ट्र्यात स्टीलसाठी विचारायला गेले. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, रविवारी सोलापूरला येऊन तालीम घ्यायचा. त्याने माझं एक गाणं पुरतं ऐकलं.

"हात चांगला हाय," तो म्हणाला. "पण स्टीलला मी हाय की. बेसला माणूस न्हाय आमच्याकडं. शिकून या."

तीन महिन्यांत शिकून आले. बोटं सोलून निघाली होती, वर्गात खडू धरवत नव्हता. मला वाटलं, एकदा आत शिरू, मग स्टीलची पाळी येईल. आठ वर्षं आली नाही. मास्तर पुढे खुर्चीवर बसून स्टील वाजवायचा आणि मी मागे, ड्रमच्या बाजूला उभी राहून बेस वाजवायचे. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी मी तिथेच उभी होते. प्रत्येक कार्यक्रमाला मी माझी स्टीलही बरोबर न्यायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, असू दे म्हणून आणलीय.

एकदाच ती पेटीतून बाहेर निघाली. जेऊरला एका लग्नात दुपारचा कार्यक्रम होता. मास्तर कामावरून थेट यायचा होता आणि त्याची गाडी दीड तास रखडली. मांडवातले लोक चुळबुळायला लागले. मी बेस बाजूला ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि स्टीलची चारही गाणी वाजवली, बेसशिवाय. शेवटचं गाणं लोकांनी परत मागितलं. मास्तर पोचला तेव्हा तेच चालू होतं. तो मांडवाच्या कडेला उभा राहिला, हातातली पेटी खाली न ठेवता. गाणं संपेपर्यंत हलला नाही. मला वाटलं, आता हा काहीतरी बरं बोलेल.

पुढच्या रविवारी तालमीला सगळे जमले तेव्हा तो बोलला.

"बाईंनी जेऊरला वाजवलं. लोकांना लई आवडलं म्हणं. आवडणारच की. लोकं गाणं कुटं ऐकत हुती? साडी बगत हुती."

सगळे हसले. ड्रमवाला तर मांडीवर थाप मारून हसला. मीही ओठ ताणले. त्या ओठ ताणण्याची मला आजही लाज वाटते, मास्तरच्या बोलण्याहून जास्त. तालीम पूर्ण वाजवली, घरी आले आणि परत गेले नाही. त्यानेही निरोप पाठवला नाही. पुढे कीबोर्ड आले, एकच माणूस दहा वाद्यांचं काम करायला लागला आणि मास्तरचा ऑर्केस्ट्रा बंद पडला. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं.

मी निवृत्त झाले, कोरोना येऊन गेला, आणि एके दिवशी दातांच्या एका डॉक्टरांचा फोन आला. ते कीबोर्ड वाजवतात, गातातही. कराओकेच्या तयार ट्रॅकवर गाऊन कंटाळलेल्या आठदहा जणांना जमवून त्यांनी एक ग्रुप काढला होता. सगळं हातांनी वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाई, तुम्ही स्टील वाजवता असं कळलं. या की रविवारी सकाळी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतो आम्ही."

मी नव्या तारा चढवल्या, आठवडाभर रियाज केला आणि गेले. जिना चढून वर गेले तर समोर खुर्चीवर, मांडीवर स्टील घेऊन मास्तर. केस पांढरे, दात नवे, डॉक्टरांनीच बसवलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्या आमच्या बेसच्या बाई."

"मी स्टीलसाठी आलेय," मी डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर भला माणूस. भला म्हणजे भांडण झालेलं ज्याला सोसत नाही असा. त्यांनी तिथल्या तिथे वाटणी केली. स्टीलची निम्मी गाणी मास्तरने वाजवायची, निम्मी मी. एक जण स्टीलवर असेल तेव्हा दुसऱ्याने बेस धरायचा. ज्या गाण्यांत स्टील नाही तिथे काय, असं विचारल्यावर मास्तर लगेच म्हणाला, "माजं गुडघं दुखत्यात. बाई वाजवतील." म्हणजे त्याचा बेस वाजणार तो फक्त माझ्या स्टीलखाली. त्या वेळी मला यात फक्त त्याचा आळस दिसला.

पहिल्याच कार्यक्रमात माझं काहीतरी चुकलं. म्हणजे तसं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या कार्यक्रमातही. आमच्यात गायिका एकच, बँकेतून निवृत्त झालेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या स्टीलवर मला सूर धरताच येत नाही हो. सारखं खाली ओढल्यासारखं होतं." कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं ते मी घरी ऐकलं. त्यांचं बरोबर होतं. माझी स्टील सगळ्या गाण्यात जराशी खाली होती. पुष्कळ नाही, पण ऐकवत नव्हतं.

मी पहाटे उठून रियाज करायला लागले. मोबाइलवर तानपुरा लावायचा आणि एकेक सूर दहादहा वेळा. आमच्या यजमानांना संगीतातलं फार कळत नाही, पण कान चांगला आहे.

"घरी तर बरोबर वाजतंय की," ते म्हणायचे.

घरी बरोबर आणि तिथे चूक. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने इथेच थांबून विचारायला हवं होतं, की मग दोन्हीकडे वेगळं काय आहे? मी नाही विचारलं. मी माझ्यावरच संशय घेतला. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी केली. त्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसले, टींक वाजलं की बटण दाबायचं, आणि मला रडू येत होतं. त्यांनी कागद हातात देऊन सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मला उलट जास्त भीती वाटली. कान उत्तम असतील तर मग हात गेला.

असे आठ महिने गेले. दर कार्यक्रमानंतर मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "हुतं असं. वय झाल्यावर स्टील अवघड जातं. बेसचं बरं, तितं पडदं असत्यात." एका रविवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि फार मऊपणे विचारलं, की माझ्या दोन गाण्यांतलं एक मास्तरांकडे दिलं तर चालेल का. मी हो म्हणाले. स्वतःहून मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी मी लवकर पोचले. मास्तर आला होता, पण खाली चहाला गेला होता. मला माझा बेस सुरात मिळवायचा होता आणि माझ्या ट्यूनरचा सेल संपला होता. ट्यूनर म्हणजे चिमट्यासारखं छोटं यंत्र. गिटारच्या डोक्याला लावायचं, तार छेडायची, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा. मास्तरचा ट्यूनर त्याच्या बेसच्या डोक्याला लावलेला होता, तो मी काढून घेतला. चारही तारा हिरवा दिवा येईपर्यंत मिळवल्या. मग सवयीने डॉक्टरांच्या कीबोर्डची पट्टी दाबली आणि तार छेडली. जुळेना.

ट्यूनर डोळ्यांजवळ आणला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता, ४३४. तिथे ४४० असायला हवा. जगभर त्यालाच मिळवतात. कीबोर्डही त्यालाच असतो. ४३४ ठेवलं तर यंत्र हिरवा दिवा दाखवतं, पण अख्खं वाद्य उतरलेलं असतं, अर्ध्या सुराच्या साधारण पाव हिश्श्याने. त्याचा बेस उचलून तारा छेडल्या. चारही तितक्याच उतरलेल्या.

मी खुर्चीवर बसले. सगळं एकदम समजलं. मी स्टील वाजवते तेव्हा माझी खुर्ची त्याच्या बेसच्या स्पीकरला अगदी लागून असते. कानात सगळ्यात मोठा आवाज तोच. माझी कांडी त्या उतरलेल्या सुराच्या मागे खाली सरकणार आणि कीबोर्ड आणि गायिका वर राहणार. उतरलेला बेस नुसता जाडाभरडा वाटतो, ऐकणाऱ्याला त्याची चूक चटकन सापडत नाही. चूक सापडते ती स्टीलची. आमच्यातल्या दुसऱ्या कुठल्या वाद्याच्या बाबतीत हे करता आलं नसतं, त्यांचे सूर जागेवर बांधलेले असतात. आणि दुसऱ्या कुठल्या माणसाला हे सुचलंही नसतं. त्यासाठी स्टील कशी ऐकते हे माहीत हवं आणि बेस हातात हवा. आमच्या गावात अशी माणसं दोनच. एक मी.

तरी मी त्याला संशयाचा फायदा दिला. चुकून बटण दाबलं गेलं असेल. मी आकडा ४४० वर आणला, ट्यूनर जागेवर लावला आणि काही बोलले नाही. मास्तर वर आला, स्वतःची स्टील त्याने कीबोर्डवरून कानाने मिळवली, ट्यूनरला हात लावला नाही. मग माझं गाणं आलं. त्याने बेस घेतला, ट्यूनरकडे पाहिलं, अंगठ्याने दोनदा, तीनदा, सहादा बटण दाबलं आणि तारा मिळवायला लागला.

सहादा. मी मोजलं.

घरी गेले तर यजमानांनी दारातच विचारलं, "एनातु?" म्हणजे काय झालं; आमचं घरात निम्मं बोलणं कन्नडात चालतं. काय झालं ते मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांना फोन कर, शांतपणे मिटव. मी म्हणाले, आठ महिने सगळ्यांसमोर झालंय, चार भिंतींत कसं मिटेल?

पुढचा कार्यक्रम तीन आठवड्यांनी होता, रविवारी सकाळी, शहरातल्या एका सभागृहात. तीनशेच्या आसपास माणसं होती. माझं उरलेलं एक गाणं पाचवं होतं. मी स्टील मांडीवर घेतली, डॉक्टरांनी सुरू करायला मान हलवली आणि मी समोरचा माइक तोंडाशी ओढला.

"मास्तर," मी म्हणाले, "तुमच्या बेसची तिसरी तार मोकळी वाजवा."

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

"वाजवा की. सूर मिळवून घेऊ. डॉक्टर, तुम्ही तोच सूर कीबोर्डवर धरा. दोघं एकदम."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी पट्टी दाबली. मास्तरला वाजवावंच लागलं, तीनशे माणसं बघत होती. दोन सूर एकदम वाजले आणि सभागृहात ते लाटेसारखे हलायला लागले. गाणं न शिकलेल्या माणसालाही ऐकू येईल असे. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंड वाकडं केलेलं मला दिसलं. गायिकांनी वळून मास्तरकडे पाहिलं.

"उतरलाय," मी माइकवर म्हणाले. "ट्यूनरवर ४३४ ठेवलंय त्यांनी. ४४० करा मास्तर. आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. त्याला बटण सापडत नव्हतं. एकेक तार वर चढत गेली, मी प्रत्येक तारेला कीबोर्डवरून सूर मागितला. एवढं करायची गरज नव्हती. तरी मी केलं. मग आम्ही गाणं वाजवलं आणि पहिल्या सुरापासून ते लागलं. गायिका डोळे मिटून गायल्या. टाळ्या मात्र बेताच्याच पडल्या. लोक म्हाताऱ्या माणसाकडे बघत होते.

मध्यंतरात तो स्टेजमागे एकटा बसला होता. मी तिथून जात होते.

"लई भारी वाटलं का?" तो म्हणाला.

"हो."

"माजी सून बसलीया तितं. व्याही आल्यात."

"माझे यजमान आठ महिने प्रत्येक कार्यक्रमाला बसलेत. का केलंत हे?"

मला वाटलं, तो नाकबूल करेल. सेल, बटण, डोळे, काहीतरी सांगेल. त्याने नाही सांगितलं.

"तुजा हात माज्यापेक्षा चांगला हाय," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो मला अगं-तुगं करत होता. "पयल्या दिवशीच कळलं हुतं मला. म्हणून तर बेस दिला. आता म्हातारपणी चार गाणी उरली हुती, त्यातली बी दोन तू घेतलीस."

"मी नाही घेतली. डॉक्टरांनी दिली."

"एकच की."

हे ऐकून मला दया आली असावी, असं ज्यांना ज्यांना मी सांगितलं त्या सगळ्यांना वाटलं. आली नाही. माझा हात चांगला आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं, म्हणजे माझी ती आठ वर्षं त्याने अजाणता घालवली नव्हती. माझा राग दुप्पट झाला.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं. मास्तर उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माजं." एवढंच. पण दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने त्याला हात धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले.

"आता बाई, तुम्हीही दोन शब्द बोललात तर..."

"कशाबद्दल?"

"नाही, म्हणजे, स्टेजवर एवढ्या लोकांसमोर... त्यांचं वय बघता..."

"मी आठ महिने एवढ्याच लोकांसमोर बेसूर ठरले," मी म्हणाले. "कानाची तपासणी करून आले. त्याबद्दल इथं कुणी दोन शब्द बोलणार आहे का?"

गायिका मोबाइलमध्ये बघायला लागल्या. मी स्टील पेटीत ठेवली, बेस पिशवीत घातला आणि दोन्ही घेऊन जिन्याकडे गेले. डॉक्टर मागोमाग आले. मला वाटलं, थांबा म्हणतील.

"बाई, बार्शीचा कार्यक्रम जाहीर झालाय," ते हळू आवाजात म्हणाले. "निदान तेवढ्यापुरता बेस..."

मी जिना उतरले.

याला आता वर्ष होत आलं. ग्रुप चालू आहे. बेस डॉक्टर कीबोर्डवर डाव्या हाताने भागवतात आणि स्टीलची सगळी गाणी मास्तर वाजवतो. गायिका मला एकदा भाजी घेताना भेटल्या, म्हणाल्या, "तुमच्याशिवाय मजा नाही हो," आणि लगेच वांग्यांचा भाव विचारायला लागल्या. मी घरी वाजवते, रोज, तानपुऱ्यावर. ऐकायला यजमान असतात. पुष्कळदा त्यांना झोप लागते.

गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात मास्तर दिसला. सुनेचा हात धरून पायरी चढत होता. मला पाहून थांबला आणि त्याने मान जरा लववून नमस्कार केला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं, पाहिलंय हे त्याला कळेल इतका वेळ, आणि दुकानदाराला म्हणाले, माझी गोळ्यांची पाकिटं द्या.

रस्त्यावर आल्यावर यजमान चिडले. "मान हलवायला तुझं काय जातं?"

"जातं," मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.